बर्नी सँडर्स आणि बंदुका: मतांच्या नोंदीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत कुठे शाळेत गोळीबार झाला, की रात्री पुण्याहून काकांचा फोन ठरलेला. "अरे, तुमच्याकडचे खासदार करतात तरी काय?" मग मंडळाच्या गणपतीत, आरती आटोपून लोक चहाचे कप घेऊन उभे राहिले की हाच विषय निघतो, आणि दहा मिनिटांत कोणीतरी व्हरमाँट राज्याचे सेनेटर बर्नी सँडर्स यांचं नाव घेतं. एक म्हणतो ते बंदुकवाल्यांचे, दुसरा म्हणतो छे, ते तर बंदीवाले. गंमत म्हणजे दोघांच्याही मोबाइलवर पुरावा असतो. हे पान त्या भांडणासाठी.

नोंद पाहायला सँडर्सच का निवडले?

कारण ती लांब आहे आणि वाकडीतिकडी आहे. 1991 ते 2007 ते प्रतिनिधीगृहात होते, जानेवारी 2007 पासून सेनेटमध्ये. ब्रॅडी कायदा, 1994 ची असॉल्ट वेपन (लष्करी धाटणीच्या बंदुकांवरची) बंदी, 2005 चं बंदूक कंपन्यांचं संरक्षण, सँडी हुक शाळेतल्या गोळीबारानंतरची 2013 ची मतदानं, 2022 चा कायदा: बंदुकांवरच्या सगळ्या मोठ्या मतदानांत कुठल्या ना कुठल्या सभागृहात त्यांचं नाव आहे. दुसरं म्हणजे ते अपक्ष म्हणून निवडून येतात. बसतात डेमोक्रॅट्सबरोबर, पण "पक्षाने सांगितलं म्हणून" ही पळवाट त्यांना नाही.

एका वाक्यात सांगा ना, बाजूने की विरोधात?

नाही सांगता येत. कोणी सांगितलंच तर विचारा, "कुठलं विधेयक, कुठलं साल?"

व्हरमाँटचा आणि बंदुकांचा एवढा काय संबंध?

व्हरमाँट हे साडेसहा लाखांच्या आतबाहेर वस्तीचं राज्य. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी माणसं, आणि ती डोंगर-जंगलांत विखुरलेली. राज्यघटनेच्या सोळाव्या कलमात शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिलेला आहे. तिथे पिस्तूल खिशात ठेवून फिरायला परवाना कधी लागलाच नाही. इतका की परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्याच्या पद्धतीला अमेरिकेत बराच काळ "व्हरमाँट कॅरी" असंच म्हणत.

नोव्हेंबरात रायफलने हरणं मारायचा हंगाम असतो, दोन आठवड्यांहून थोडा जास्त. त्या दिवसांत खेड्यातल्या किराणा दुकानासमोर थांबून पाहावं. दूध, ब्रेड, मेपल सिरप विकणारं तेच दुकान हरणांचं नोंदणी केंद्रही असतं. बाहेर टांगलेला वजनकाटा, त्याला लटकवलेलं हरीण, आजूबाजूला भडक केशरी जाकीट घातलेले बाप-लेक, आणि वहीत वजन लिहून घेणारा दुकानदार. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आपल्याकडचा भाताचा काटाच आठवला. इथे रायफल ही गुन्ह्याची वस्तू नसून कोयत्याच्या शेजारी टांगलेली घरातली वस्तू आहे. शिकागो किंवा न्यूयॉर्कच्या खासदाराला "बंदूक" म्हटल्यावर जे दिसतं ते व्हरमाँटच्या मतदाराला दिसत नाही. आणि प्रतिनिधीगृहात या अख्ख्या राज्याला एकच जागा. म्हणजे सँडर्सचा मतदारसंघ म्हणजे संपूर्ण राज्य, शहरी कोपऱ्यात लपायची सोय नाही.

बंदूकवाल्या संघटनेने त्यांना निवडून आणलं असं म्हणतात. खरं आहे का?

अर्धं. 1988 मध्ये प्रतिनिधीगृहाच्या निवडणुकीत सँडर्स हरले, रिपब्लिकन पीटर स्मिथ जिंकले. त्या वेळीसुद्धा सँडर्स असॉल्ट वेपनवर बंदी हवी असंच म्हणत होते, हे लोक विसरतात. स्मिथ निवडून आल्यावर मात्र स्वतःची भूमिका बदलून त्या बंदीच्या बाजूने गेले. शिकाऱ्यांना वाटलं आपल्याला फसवलं. नॅशनल रायफल असोसिएशन, म्हणजे एनआरए, 1990 मध्ये स्मिथच्या मागे हात धुऊन लागली. सँडर्स जवळपास सोळा टक्क्यांच्या फरकाने जिंकले.

आता इतका मोठा फरक एकट्या एनआरएमुळे पडला असं मला वाटत नाही. पण उघड बंदी मागणाऱ्या माणसापेक्षा शब्द फिरवणारा माणूस संघटनेला जास्त खुपला, एवढं त्यातून दिसतं. पुढची दोन-तीन वर्षं सँडर्स जसे वागले त्यावरून 1988-90 चा धडा त्यांनीही गिरवला असावा.

ब्रॅडी कायद्याविरुद्ध त्यांनी पाच वेळा मत दिलं, हे खरं का?

खरं. 1991 ते 1993 या काळात पाच वेळा.

आधी कायदा काय होता ते पाहू. 30 मार्च 1981 ला अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांचे माध्यम सचिव जेम्स ब्रॅडी यांच्या डोक्यात गोळी लागली आणि ते कायमचे अपंग झाले. मारेकऱ्याने रिव्हॉल्वर डलासमधल्या गहाणवट दुकानातून घेतलं होतं, अर्जावर खोटा पत्ता लिहून. कोणी तपासलं नाही. म्हणून मागणी पुढे आली की हातबंदूक विकण्याआधी काही दिवस थांबायचं आणि घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासायची. 1991 च्या मसुद्यात थांबण्याची मुदत सात दिवस होती, शेवटी कायद्यात पाच आली. 10 नोव्हेंबर 1993 ला प्रतिनिधीगृहात 238 विरुद्ध 189 मतांनी तो मंजूर झाला. सँडर्स 189 मध्ये.

त्यांचं म्हणणं असं की तपासणीला माझा विरोध नाही, पण ती लगेच व्हावी. किती दिवस थांबायचं हे राज्याने ठरवावं. तत्काळ तपासणीची राष्ट्रीय यंत्रणा पुढे 1998 मध्ये सुरू झाली आणि पाच दिवसांची अट गेली, त्यामुळे हा युक्तिवाद वाऱ्यावरचा नव्हता. पण 1991 मध्ये तशी यंत्रणा अस्तित्वातच नव्हती. जी यंत्रणा नाही तिच्या भरवशावर आहे तो उपाय नाकारायचा, म्हणजे नळ येईपर्यंत विहीर बुजवून ठेवण्यासारखं झालं. त्यांच्या नोंदीतला हा भाग मला कधीच पटला नाही.

मग 1994 मध्ये बंदीच्या बाजूने मत कसं काय?

कारण त्या मुद्द्यावर ते बदललेच नव्हते. 5 मे 1994 ला असॉल्ट वेपन बंदीचं विधेयक प्रतिनिधीगृहात आलं तेव्हा निकाल लागला 216 विरुद्ध 214. सँडर्स होकारात. हिशेब करून बघा: त्यांनी उलट मत दिलं असतं तर 215-215 झालं असतं, आणि बरोबरी झाली की विधेयक पडतं. तीच बंदी नंतर मोठ्या गुन्हेविषयक कायद्यात घातली गेली, त्यालाही त्यांनी होकार दिला. तुरुंग भरणाऱ्या तरतुदींवर सभागृहात टीका करून झाल्यावर. बंदी दहा वर्षांच्या बोलीवर होती. 13 सप्टेंबर 2004 ला ती संपली आणि कोणी वाढवली नाही.

म्हणजे एकाच माणसाने तीन वर्षांच्या आत थांबण्याच्या मुदतीला नकार आणि लष्करी धाटणीच्या बंदुकांवरच्या बंदीला होकार दिला. व्हरमाँटच्या किराणा दुकानासमोर उभं राहून पाहिलं तर यात विसंगती दिसत नाही. हरणाच्या शिकारीला एकामागून एक तीस गोळ्या लागत नाहीत.

2005 चा तो कायदा नेमका काय आहे? सगळे त्यावरच का भांडतात?

थोडं मागे जाऊ. 1998 मध्ये न्यू ऑर्लिन्स आणि शिकागो या शहरांनी बंदूक कंपन्यांवर दावे ठोकले: तुमच्या मालामुळे आमच्या शहरात माणसं मरतात, खर्च तुम्ही भरा. इतर शहरंही त्यांच्या मागे गेली. तंबाखू कंपन्यांचं जे झालं ते आपलं होणार म्हणून उद्योग घाबरला आणि संसदेकडे धावला.

त्यातून आला शस्त्रांच्या कायदेशीर व्यापाराला संरक्षण देणारा कायदा. गाभा असा की विकलेल्या बंदुकीने तिसऱ्याच माणसाने गुन्हा केला तर त्यासाठी कंपनीवर किंवा दुकानदारावर दिवाणी दावा चालणार नाही. अपवाद आहेत: माल सदोष असेल, विक्रेत्याने धोका दिसत असताना बंदूक हातात दिली असेल, किंवा विक्री-जाहिरातीचा कायदा जाणूनबुजून मोडला असेल. 20 ऑक्टोबर 2005 ला प्रतिनिधीगृहात 283 विरुद्ध 144. होकार देणाऱ्यांत 223 रिपब्लिकन, 59 डेमोक्रॅट आणि एक अपक्ष. तो अपक्ष कोण हे सांगायला नको. सेनेटमध्ये त्याच कायद्याविरुद्ध मत देणाऱ्यांत हिलरी क्लिंटन आणि बराक ओबामा होते.

सँडर्सचा बचाव होता छोट्या दुकानदाराचा: गावातल्या माणसाने नियमाने बंदूक विकली, वर्षाने कोणी ती चोरून खून केला, तर दुकानदाराला का ओढायचं? शिवाय त्याच कायद्यात हातबंदुकीबरोबर कुलूप देण्याची सक्ती होती आणि चिलखत भेदणाऱ्या गोळ्यांबद्दल कडक तरतूद होती. मुद्दे खोटे नाहीत. फक्त दुकानदाराच्या छत्रीखाली मोठे कारखानदारही कोरडे राहिले, आणि छत्री खरं तर त्यांच्याच मापाची शिवली होती.

या कायद्यामुळे खटले पूर्ण बंद झाले का?

नाही, पण चिंचोळी फट उरली. सँडी हुकच्या नऊ कुटुंबांनी रेमिंग्टन कंपनीवर दावा केला तो बंदूक विकल्याबद्दल नाही, तिची जाहिरात ज्या पद्धतीने केली त्याबद्दल, कनेटिकट राज्याच्या व्यापारविषयक कायद्याखाली. 2019 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दार उघडं ठेवलं आणि फेब्रुवारी 2022 मध्ये 7 कोटी 30 लाख डॉलरवर तडजोड झाली. उलट मेक्सिको सरकारने स्मिथ अँड वेसन या बंदूक कंपनीवर केलेला दावा जून 2025 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने फेटाळला. आधार होता हाच 2005 चा कायदा. वीस वर्षांपूर्वी दिलेलं एक मत आजही कोर्टात उभं आहे.

रेल्वेत आणि राष्ट्रीय उद्यानांत बंदूक नेण्याला त्यांनी होकार दिला होता?

हो, 2009 मध्ये, दोन्हींना. रेल्वेतली तरतूद बंद पेटीतल्या, नोंदवलेल्या सामानापुरती होती. उद्यानांची दुरुस्ती तर क्रेडिट कार्डांच्या विधेयकाला चिकटवलेली होती! अमेरिकी सेनेटमध्ये हे सर्रास चालतं. वरातीत कोणाचाही घोडा घुसतो. "क्रेडिट कार्ड विधेयकाच्या बाजूने" अशी नोंद दिसली तर आत काय काय होतं ते उघडून पाहावं. पण या प्रकरणात पळवाट नाही, दुरुस्तीवर वेगळं मतदान झालं होतं आणि त्यातही सँडर्स होकारात होते.

सँडी हुकनंतर काय झालं?

14 डिसेंबर 2012, न्यूटाउन, कनेटिकट. सँडी हुक शाळेत वीस लहान मुलं आणि सहा मोठी माणसं गोळीबारात मारली गेली. चार महिन्यांनी, 17 एप्रिल 2013 ला, सेनेटमध्ये एकापाठोपाठ एक मतदानं झाली. बंदुकांच्या जत्रेत आणि इंटरनेटवरून होणाऱ्या खरेदीलाही पार्श्वभूमी तपासणी लावणारी मँचिन-टूमी दुरुस्ती: 54 विरुद्ध 46. असॉल्ट वेपन बंदी: 40 विरुद्ध 60. सँडर्सनी दोन्हींना होकार दिला.

54 विरुद्ध 46 म्हणजे जिंकली की?

हरली. ठरलं होतं की साठ मतं हवीत. अडवणुकीच्या प्रथेमुळे सेनेटमध्ये साधं बहुमत बहुतेक वेळा पुरत नाही.

इथेच एक मजा. त्या 46 नकारांत डेमोक्रॅट नेते हॅरी रीड यांचं नाव आहे. ते दुरुस्तीच्या विरोधात होते का? अजिबात नाही. नियम असा की हरलेलं प्रकरण पुन्हा मांडायचा हक्क जिंकलेल्या बाजूने मत देणाऱ्यालाच मिळतो. म्हणून दुरुस्ती पडतेय असं दिसल्यावर रीडनी आपलं मत नकारात टाकलं. त्यांच्या नावासमोरचा "नाही" पाहून कोणी पोस्टर छापलं तर ते अक्षरशः खरं आणि पूर्ण चुकीचं ठरेल.

याहून नाट्यमय प्रकार मार्च 2004 मध्ये झाला. कंपन्यांच्या संरक्षणाचं विधेयक तेव्हा सेनेटमध्ये होतं. त्याला असॉल्ट वेपन बंदी वाढवण्याची दुरुस्ती जोडली गेली, 52 विरुद्ध 47. एनआरएने लगेच पाठिंबा काढला, आणि विधेयक 8 विरुद्ध 90 मतांनी आपटलं. ज्यांनी ते आणलं होतं त्यांनीच ते पाडलं.

एनआरएने त्यांना "डी-मायनस" दिला होता ना? मग विषय संपला.

2015 च्या ऑक्टोबरात लास व्हेगासमध्ये अध्यक्षपदाच्या इच्छुकांच्या वादसभेत सँडर्सनी हीच गुणपत्रिका ढालीसारखी पुढे केली होती. पण ही गुणपत्रिका संघटनेची आहे, तिच्या सोयीच्या मतांवरून दिलेली. सँडर्सचे गुण वर्षागणिक "सी-मायनस" ते "एफ" असे हलत राहिले. ब्रॅडीला पाच वेळा विरोध करूनही ते बहुतेक वर्षी नापासच, कारण असॉल्ट वेपनवरचं मत संघटनेला जास्त बोचतं. मास्तरने दिलेला नापासचा शेरा मुलाच्या चारित्र्याचा दाखला म्हणून वापरावा, तसं हे.

न्यूयॉर्कमधल्या गुन्ह्यांच्या बंदुका व्हरमाँटमधून येतात असा आरोप झाला होता. त्यात तथ्य किती?

2016 मध्ये अध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या लढतीत हिलरी क्लिंटन यांच्याकडून तो आला, आणि त्यात "दरडोई" हा शब्द होता. सगळी मेख त्याच शब्दात. 2014 मध्ये न्यूयॉर्क राज्यात सापडून माग लागलेल्या बंदुकांपैकी व्हरमाँटच्या होत्या 55, म्हणजे एक टक्क्याच्या आसपास. पण व्हरमाँटची लोकसंख्याच एवढीशी की भागाकार केला की आकडा फुगतो. आकडा बरोबर, चित्र खोटं.

त्यांनी कधी चूक कबूल केली का?

केली, सावकाश. जानेवारी 2016 मध्ये चार्ल्सटनच्या वादसभेच्या तोंडावर त्यांनी 2005 चा कायदा मागे घेण्याच्या विधेयकाला पाठिंबा दिला. जून 2015 मध्ये याच शहरातल्या चर्चमध्ये नऊ जणांची हत्या झाली होती. फेब्रुवारी 2020 मध्ये पुन्हा चार्ल्सटनमध्येच वादसभा झाली, तेव्हा बायडन यांनी डिवचल्यावर त्यांनी ते मत वाईट होतं असं सरळ मान्य केलं. ब्रॅडीबद्दल इतकी स्वच्छ कबुली माझ्या पाहण्यात नाही.

निवडणुकीच्या गरजेपोटी बदलले का? थोडंफार, हो. उमेदवारी व्हरमाँटपुरती होती तेव्हा एक हिशेब, देशभराची झाल्यावर दुसरा. पण व्हरमाँटही बदललं. एप्रिल 2018 मध्ये रिपब्लिकन गव्हर्नर फिल स्कॉट यांनी राजधानीच्या इमारतीच्या पायऱ्यांपाशी, चिडलेल्या बंदूकधारकांच्या आरडाओरड्यात, खरेदीचं वय 21 करणाऱ्या आणि खासगी विक्रीलाही तपासणी लावणाऱ्या कायद्यावर सही केली.

आणि 2022?

बफेलो आणि उवाल्डे इथल्या गोळीबारांनंतरचा बंदूक कायदा. सेनेटमध्ये 23 जूनला 65 विरुद्ध 33, पंधरा रिपब्लिकनांसह. सँडर्स होकारात. वाद नाही, म्हणून कोणी विचारतही नाही.

आपल्या खासदारांची अशी नोंद का दिसत नाही?

दोन कारणं. लोकसभेत बरंच काम आवाजी मतदानाने उरकतं. "होय"वाले मोठ्याने ओरडले, अध्यक्षांनी निकाल सांगितला, कोणी मतविभाजन मागितलं नाही तर नावनिशीवार नोंद उरतच नाही. आणि 1985 च्या पक्षांतरबंदीनंतर, म्हणजे दहाव्या परिशिष्टानंतर, पक्षादेशाविरुद्ध मत दिलं तर खासदारकी जाऊ शकते. 2022 मध्ये शिवसेना फुटल्यापासून "व्हिप" हा शब्द महाराष्ट्रात चहाच्या टपरीवर पोचला आहे, त्यामुळे जास्त सांगायला नको. आपल्याकडे शस्त्र कायद्यात 2019 मध्ये दुरुस्ती होऊन एका माणसाला बाळगता येणाऱ्या बंदुका तीनवरून दोनवर आल्या. त्यावर तुमच्या खासदाराचं वैयक्तिक मत काय, हे नोंदीवरून काढायला गेलात तर हाती पक्षाचं मत लागेल.

एखाद्या अमेरिकी खासदाराची नोंद मला स्वतः पाहायची आहे. कशी पाहू?

प्रतिनिधीगृहात सदस्य खुर्चीच्या पाठीवरच्या छोट्या खोक्यात कार्ड घालून बटण दाबतात: हिरवं होकाराचं, लाल नकाराचं, पिवळसर "हजर" एवढंच सांगणारं. सेनेटमध्ये कारकून अजूनही एकेक नाव पुकारतो. दोन्ही सभागृहांच्या अधिकृत संकेतस्थळांवर प्रत्येक मतदानाला क्रमांक असतो. तो क्रमांक शोधा, मग वरच्या ओळीत पाहा की मतदान अंतिम मंजुरीवर होतं, दुरुस्तीवर, की नुसतं चर्चा थांबवण्यावर. बहुतेक जाहिराती ही ओळ कापूनच छापतात.

सरावाला मराठी माणूस हवा असेल तर बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार जानेवारी 2023 पासून डेट्रॉइट भागाचे खासदार आहेत. मागच्या गणपतीत मी मंडळात एकाला हेच सुचवलं. त्याने तिथेच मोबाइल काढला, पहिलंच मतदान उघडलं आणि म्हणाला, "अरे, इथे 'रीकमिट'चा प्रस्ताव असं लिहिलंय, म्हणजे काय?" विधेयक समितीकडे परत पाठवायची सूचना, मी म्हटलं. चहा गार होईपर्यंत तो त्यातच डोकं घालून उभा होता.